पाहुण्यांसाठी मुडदा

मंगळवारी सकाळी खालापूरच्या फार्महाउसवर पार्टीतल्या एका पाहुण्याने माझ्या भावाला पाइपने मारलं. तो तिथेच गेला. दुपारी पोलिसांचा फोन आला. फोन मी घेतला. आई ओसरीवर तांदूळ निवडत होती.

भावाचा लाइटचा टेंपो होता. कर्जतच्या आसपास बंगले आहेत, नदी आहे, डोंगर आहेत आणि मुंबई जवळ आहे, त्यामुळे वर्षभर कुठे ना कुठे शूटिंग चालू असतं. मालिका, जाहिराती, अधूनमधून सिनेमा. तिथे लागणारे दिवे, स्टँड, केबल आणि टेंपोमागे जोडलेला जनरेटर घेऊन तो जायचा. शूटिंग नसेल तेव्हा फार्महाउसवरच्या पार्ट्यांनाही दिवे लावून द्यायचा. त्या सकाळी तो सामान काढायला गेला होता. पाहुण्यांना गाणी अजून हवी होती. त्याला दुपारी दुसरीकडे पोचायचं होतं. त्याने केबल ओढली. ज्या पाइपने मारलं तो त्याच्याच स्टँडचा होता.

मारणारा पकडला गेला. त्याच्याबद्दल मला इथे काही लिहायचं नाही. त्याचं जे करायचं ते कोर्ट करील. मला लिहायचं आहे ते दुसऱ्या एका माणसाबद्दल, ज्याचं कुठलंच कोर्ट काही करू शकत नाही.

आमचं घर दहिवलीत, रस्त्यालगत. वडील गेले तेव्हा भाऊ बालवाडीत होता आणि मी कॉलेजात, त्यामुळे तो अर्धाअधिक माझ्या हाताखाली वाढला. मी पुस्तकांत रमणारी. पुढे कॉलेजच्याच ग्रंथालयात नोकरीला लागले. तो पुस्तकाला हात लावत नसे, पण मी वाचलेली गोष्ट तोंडी ऐकायला बसे. "ताय, आधी शेवट सांग," म्हणायचा. शेवट पटला तरच सुरुवातीपासून ऐकायचा.

त्याने टेंपो घेतल्यापासून घरात कॅमेऱ्याच्या माणसांची ये-जा सुरू झाली. कुणाला फोन चार्ज करायचा असे, मुलींना कपडे बदलायला खोली हवी असे, कुणाला नुसतं घरचं जेवण. आई सगळ्यांना वाढी. रस्त्यावर गाडी थांबून कुणाच्या खांद्यावर कॅमेरा दिसला की ती पाण्याचा तांब्या घेऊनच बाहेर येई. तिच्या लेखी कॅमेरा असलेली माणसं जगात एकाच जातीची होती. तिच्या पोराची माणसं.

तिसऱ्या दिवशी पुरुषमंडळी सावडायला नदीवर गेली होती आणि मला खालापूरच्या पोलीस ठाण्यात बोलावलं होतं. घरी आई आणि शेजारच्या काकू. तेव्हा वृत्तवाहिनीची गाडी आली. पुढचं मला काकूंनी सांगितलं, आणि आईनेही सांगितलं, अगदी कौतुकाने.

आई स्वतः उठून बाहेर गेली. "या रं, या. उन्हात कशाला हुबे? आत या."

त्यातल्या एकाने वाकून तिच्या पायाला हात लावला. पस्तिशीचा, कोरलेली दाढी, अंगात कुर्ता. तो बातमीदार. आईने विचारलं, "तू बी त्याच्याबरबरच व्हतास का रं?"

तो म्हणाला, "आम्ही सगळे त्याच्याबरोबरच आहोत, आई."

आईने काकूंना चहा टाकायला लावला. भावाचं कपाट उघडून दाखवलं. भिंतीवरचा फोटो काढून त्यांच्या हातात दिला, नीट पुसून. ती दारातून बाहेर येतानाचं चित्र त्यांना हवं होतं. ती आली, तर मध्ये कोंबडी आली. आईच म्हणाली, "येऊ का परत आतून?" शूटिंगात असं परत परत घेतात हे तिला माहीत होतं. ती परत आत गेली आणि परत बाहेर आली. सुतकातली बाई, तिसरा दिवस, आणि ती त्यांचं काम बिघडू नये म्हणून कोंबडी हाकलत होती.

मग त्याने विचारलं, "आई, कसं वाटतंय?" आणि आई बोलत सुटली. काही विचारणारा त्या तीन दिवसांत तिला तो पहिलाच भेटला होता. बाकी सगळे फक्त रडायला आले होते.

ती म्हणाली, "रात रात भायेर असायचा. काम तसंच हाय ना त्यांचं. पोरी बी असायच्या बरबर, हिरोइनी, मेकपवाल्या. माझ्या हातची भाकर खायच्या. एकीला इंचू चावला तर ह्यानंच टेंपोत घालून दवाखान्यात नेली. लई जीव लावायचा सगळ्यांना."

संध्याकाळी वाहिनीवर हे दाखवलं ते असं: "रात रात भायेर असायचा. पोरी बी असायच्या बरबर. लई जीव लावायचा." मागे ढोल. आरोपीने पोलिसांना सांगितलं होतं की हा माणूस आमच्या बायकांच्या खिडकीत डोकावत होता. ते आधी, त्याला जोडून आईचं बोलणं, आणि खाली पट्टी: आईनेच उघडं केलं मुलाचं गुपित?

ते प्रश्नचिन्ह मी विसरणार नाही. आमच्या वकिलांनी सांगितलं, त्या चिन्हामुळे काही करता येणार नाही, ते म्हणतील आम्ही फक्त विचारलं.

पंधरवड्याने त्यांच्या गुन्ह्यांच्या कार्यक्रमात त्यांनी सगळा प्रसंग नट घेऊन परत उभा केला. भावाचं काम करणारा तरुण खिडकीतून आत बघतो, ओठांवरून जीभ फिरवतो, पळतो, सापडतो. मी ते ग्रंथालयात, कुणाच्या तरी फोनवर, मासिकांच्या रॅकमागे उभी राहून पाहिलं. बातमीदार शेवटी कॅमेऱ्याकडे चालत येऊन म्हणाला, "प्रश्न एवढाच आहे की, मेलेला खरंच निर्दोष होता का?"

टीव्हीची केबल मी पहिल्या बातमीच्या संध्याकाळीच काढून टाकली होती. आईला म्हटलं, सुतकात टीव्ही नको. सुतक फिटलं तरी परत जोडली नाही. शेजारपाजारी, नात्यात, किराणा दुकानात सगळ्यांना सांगितलं की आईला यातलं काही कळता कामा नये. लोकांनी ते पाळलं. ज्या गावात कुणाची म्हैस आटली तरी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं, तिथे आईला कुणी कळू दिलं नाही. ती मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "पिच्चरवाले आले व्हते त्याचे. पायाला हात लावला माझ्या."

भावाचा जोडीदार भिवपुरीजवळच्या गावचा. दोघं मिळून टेंपो चालवायचे. आता तो एकटा चालवतो. महिनाभराने तो आला आणि ओसरीच्या पायरीवर बसला.

"ताय, त्या टीव्हीवाल्याच्या गाडीच्या काचा फोडतो. टोलनाक्याला गाठतो बरोबर."

"मग?"

"मग काय? फोडल्या."

"मग तो तेच दाखवील. पत्रकारावर हल्ला. तीन दिवस पुरेल त्याला."

"मग करायचं काय? तुमच्यासारखी पुस्तकं वाचत बसू?"

मी त्याला म्हटलं की बातमीदाराचं हसं करायचं. आमच्याकडे मार खाल्लेल्या माणसाला चार जण पाणी देतात, डोक्याला हळद लावतात. हसं झालेल्याला कुणी पाणी देत नाही. त्याच्या पोराच्या लग्नातसुद्धा लोक त्याच्याकडे बघून एकमेकांना कोपर मारतात. मला त्याला तिथे पोचवायचं होतं.

"सिनेमा करू," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. "आपन?"

"दिवे आहेत. जनरेटर आहे. तुझ्या ओळखीची माणसं आहेत. लिहीन मी."

"ताय, डिझेल कोन भरनार?" तो म्हणाला. पण उठून गेला नाही.

मी ते संध्याकाळी ग्रंथालय बंद झाल्यावर तिथेच बसून लिहिलं. गोष्ट साधी होती. वृत्तवाहिनीची गाडी खुनाची बातमी घ्यायला निघते आणि रस्ता चुकून भलत्याच गावात येते. त्या गावात काही झालेलं नाही. पण इतक्या लांबून आलेल्या पाहुण्यांना रिकाम्या हाताने परत पाठवायचं कसं, या विचाराने गाव कासावीस होतं. त्यांना चहा देतात, जेवू घालतात, आणि मागच्या अंगणात बैठक भरते की पाहुण्यांसाठी कोण मरेल. आधी मेलेली कोंबडी दाखवतात, ती चालत नाही. मग आजारी म्हातारा दाखवतात, तो बरा होतो. शेवटी बातमीदाराचा संयम सुटतो. तो स्वतःच्या डोक्यात दगड घालून घेतो आणि स्वतःच्या मृत्यूची बातमी देत देत मरतो. मरता मरता मध्ये जाहिराती लागतात म्हणून त्याला ताटकळावं लागतं.

बातमीदाराच्या तोंडी मी माझं एकही वाक्य घातलं नाही. त्याच्या जुन्या बातम्या इंटरनेटवर होत्या. मी ऐकत गेले आणि उतरवत गेले. अपघात, आत्महत्या, पुरात वाहून गेलेली मुलं. प्रत्येक दारात तो पायाला हात लावत होता आणि प्रत्येक दारात म्हणत होता, आम्ही सगळे त्याच्याबरोबरच आहोत. काही वेळा तिच्याबरोबरच. तेवढा बदल तो करायचा. मी ग्रंथालयात आयुष्यभर शांत बसलेली बाई आहे, पण त्या टेबलाशी त्याची वाक्यं उतरवताना माझे दात एकमेकांवर घट्ट बसत आणि घरी जाऊन जेवताना जबडा दुखे.

शूटिंग जोडीदाराच्या गावात केलं, भात झोडून झाल्यावर. खळी मोकळी होती आणि माणसंही. कॅमेरा एका ओळखीच्या छायाचित्रकाराचा. तो सुटीच्या दिवशीच यायचा, म्हणून काम लांबलं. गावातल्या लोकांना मी संवाद पाठ करायला सांगितले नाहीत. फक्त प्रसंग सांगितला आणि कॅमेरा लावला. कोण मरेल याची बैठक सुरू झाली तर थांबेचना.

"मला आठवडाभर जमायचं नाय, म्हैस व्यालीय."

"तुज्या सासऱ्याला इचार की. तसा बी पडूनच असतो."

"त्यो मेला तर शेताची वाटनी निघंल. नको."

"मंग तू मर."

"मी मेलो तर तुला उसनं कोन दील रं?"

शेवटी जोडीदाराचा चुलता, सत्तरीचा, पुढे झाला. "मी मरतो. पन मधी बिडीला सोडा."

रक्तासाठी आम्ही गुळाचा पाक, खायचा लाल रंग आणि थोडी कॉफी असं मिश्रण केलं होतं. चुलता खळ्यात मरून पडला आणि मुंग्या आल्या. तो मेलेला तसाच पडून डोळे मिटून म्हणाला, "आरं, आटपा लवकर. मला न्यायाला लागल्यात." सिनेमात ते तसंच ठेवलं आहे; बातमीदाराचा संयम सुटतो तो तेव्हाच.

ज्या घरी बातमीदार येतो तिथल्या म्हातारीचं काम आईने केलं. मी नको म्हणत होते, पण ती रोज सगळ्यांसाठी भाकरी घेऊन टेंपोतून यायचीच, आणि छायाचित्रकार म्हणाला की मावशींइतकं सहज दुसरं कुणी येणार नाही. तिने मला विचारलं, "कशाचा पिच्चर गं?"

"त्याच्या आठवणीचा."

"मंग हसायचा का?"

"त्याला हसायचेच आवडायचे."

"ते बी खरं," ती म्हणाली आणि पदर खोचला. दारात बातमीदार आला की तिने काय म्हणायचं ते मी लिहिलं होतं, पण ती स्वतःचंच म्हणाली: "बसा, चा घ्या. मेलेला येतोच हाय." मागे उभी असलेली माणसं हसू दाबता दाबता खाली बसली. ती का हसतायत हे तिलाही कळलं होतं. फक्त हे सगळं कुणाच्या दिशेने फेकलं जातंय, ते तिला माहीत नव्हतं.

बातमीदाराचं काम कुणी करावं याचा मला प्रश्न पडला नव्हता. वाहिनीच्या कार्यक्रमात ज्याने माझ्या भावाचं काम केलं होतं, तोच मला हवा होता. जोडीदाराने शोध काढला. तो शेलूला नव्या इमारतीत दोघा मित्रांबरोबर राहत होता आणि रोज मुंबईला जाऊन कामं मागत होता. आला तेव्हा हसतमुख होता. मी त्याला विचारलं, "तुम्ही खिडकीतून बघितलं होतंत. आठवतंय?"

"कुठल्या खिडकीतून, ताई?"

मी सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं. "मला काहीच माहीत नव्हतं. मला म्हणाले, खिडकीतून बघ, मग पळ. जीभ फिरवायलासुद्धा त्यांनीच सांगितलं." थोड्या वेळाने म्हणाला, "मी जातो."

"जाऊ नका. माझं काम करा."

त्याने केलं, आणि चांगलं केलं. बातमीदाराचा आवाज, हात पुढे करून थांबण्याची लकब, प्रश्न विचारून मान तिरपी करणं, सगळं. शेवटी तो चिखलात पडतो. ते दृश्य दुसऱ्याच वेळी मनासारखं झालं होतं. छायाचित्रकाराने अंगठा दाखवला. मी म्हटलं, परत. तो उठला, ओढ्याच्या पाण्यात तोंड धुतलं आणि परत पडला. मी म्हटलं, परत. तो परत पडला. थंडीचे दिवस होते, त्याचे ओठ निळे पडले. जोडीदार हळूच म्हणाला, "ताय, बास आता." मी म्हटलं, परत. शेवटी आईच टॉवेल घेऊन मध्ये आली. मला त्या दुपारी बरं वाटलं, आणि ते कमी करून लिहिण्याचं मला कारण दिसत नाही. आईने त्याला चुलीपाशी बसवलं आणि पोटभर जेवू घातलं.

सिनेमा तयार झाला तो तासाभराहून थोडा जास्त. पहिला खेळ कर्जतला एका मंगल कार्यालयात दुपारी ठेवला. मला हॉलमधले बाकी लोक नको होते. मला एकच माणूस हवा होता. शेलूच्या त्या नटाने त्याला फोन करून बोलावलं. नवोदितांचा सिनेमा आहे, वाहिन्यांबद्दल आहे, तुम्हाला आवडेल. तो कॅमेरामन घेऊन आला. तिसऱ्या रांगेत बसला. मी भिंतीशी उभी राहिले, तिथून मला पडदा दिसत नव्हता, तो दिसत होता.

तो हसला. पहिल्या दृश्यापासून हसला. पडद्यावरचा बातमीदार म्हातारीच्या पाया पडला तेव्हा तो मांडीवर हात मारून हसला. आम्ही सगळे त्याच्याबरोबरच आहोत, या वाक्याला त्याने शेजारच्याचा दंड धरला, हसू आवरेना म्हणून. मी वाट बघत होते की कधीतरी हसू मध्येच थांबेल. ते थांबलं नाही. दिवे लागले तेव्हा त्याच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं.

तो स्वतःच माझ्याकडे आला. "ताई, काय वाट लावलीत हो! आमच्या धंद्यात असले नमुने आहेत, खरंच आहेत."

मी म्हटलं, "ही वाक्यं तुमची आहेत."

"सगळेच असं बोलतात, ताई. तेच तर मजेशीर आहे ना."

"तुम्ही आमच्या अंगणात बोलला होतात. दहिवलीला. माझा भाऊ गेला तेव्हा."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मी इतके महिने याच क्षणासाठी जगले होते. तो आठवत होता, ते मला दिसत होतं, आणि मग त्याला आठवलं. त्याचा चेहरा उजळला.

"तो फार्महाउसवाला! ती तुमची केस?" त्याने मागे वळून कॅमेरामनला हात केला. "ताई, हे आधी नाही का सांगायचं? हीच तर स्टोरी आहे."

मी तिथून निघून स्वयंपाकाच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. बाहेर तो जोडीदाराशी बोलायला गेला. जोडीदाराने त्याला जे सांगितलं ते छापण्यासारखं नाही. त्याने ते हसण्यावारी नेलं. आई दारात उभी राहून सगळ्यांना चिवडा देत होती. तिने त्यालाही दिला. त्याने वाकून तिच्या पायाला हात लावला आणि कॅमेरामनने तेवढं टिपलं.

दोनच दिवसांनी ते वाहिनीवर लागलं. मला पूर्वकल्पना नव्हती. काकूंच्या सुनेने आनंदाच्या भरात आईला हाक मारली. "मावशी, धावा! तुमचा पिच्चर टीव्हीवर दाखवतायत!" इतके महिने जे सगळ्या गावाने सांभाळलं, ते तिच्या त्या क्षणी ध्यानातच राहिलं नाही. आई हातातलं काम टाकून गेली. मी कॉलेजात होते.

पट्टी होती: भावाच्या हत्येचा बहिणीने घेतला असा बदला. कॅमेरामनने खेळाच्या वेळी टिपलेले आमच्या सिनेमातले तुकडे त्यांनी दाखवले, चुलता आणि मुंग्या दाखवल्या, आईचं वाक्य दाखवलं. आणि मग, हत्या कोणती ते लोकांना कळावं म्हणून, जुनं सगळं. खिडकी. जीभ. आईचं अंगणातलं बोलणं, तसंच कापलेलं, तसाच ढोल.

मी घरी आले तेव्हा आई ओसरीवर बसली होती. दिवा लावलेला नव्हता.

"ते मीच बोलले व्हते," ती म्हणाली. "पन तसं नव्हते बोलले."

"माहीत आहे."

"तुला कवापासनं म्हायती?"

"तेव्हापासून."

"आन् गावाला?"

"गावालाही."

"मंजी मलाच नाय." तिने पदराने तोंड पुसलं. ती रडत नव्हती. "त्या पोरीला इंचू चावला, ह्यानं नेली तिला. ते का नाय दावलं?"

"ते त्यांना नको होतं."

"आन् खिडकीतला तो? त्यो आपला शेलूचाच ना?"

"हो."

"त्याला मी जेवाया वाढलं," ती म्हणाली. रस्त्यावरून एक टेंपो गेला. मी चहा ठेवू का म्हणून विचारलं, तिने नको म्हणून मान हलवली.

"बोलव त्याला."

"शेलूच्याला?"

"त्या गरिबाला कशाला? पाया पडला त्याला बोलव. हितं बसव माझ्यापुढं. कॅमेरा आनला तरी चालंल."

"काय करणार आहेस?"

"इचारनार."

"काय?"

"ते त्याला इचारन. तुला कशाला सांगू?"

आईच्या तोंडून असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. माझा राग मी शब्दांत बसवला, त्याला गोष्ट दिली, लोकांना हसवलं. तिच्या रागाला यातलं काही नको होतं. तिला तो माणूस समोर हवा होता.

मी दुसऱ्या दिवशी फोन केला. तो उचलून म्हणाला, "नक्की येणार, ताई. आईंचं दुःख आम्हालाही दाखवायचंय." आला नाही. मग त्याला बढती मिळाली, तो मुंबईत स्टुडिओत बसू लागला, बाहेर जायचं त्याला कारण उरलं नाही. दरम्यान आमचा सिनेमा दोनचार ठिकाणी दाखवला गेला. लोक पोट धरून हसतात. कुणीतरी विचारतं, हे तुम्हाला सुचलं कसं. मी सांगत नाही.

खटला चालू आहे. टेंपो भिवपुरीला असतो, जोडीदार चालवतो. केबल आईने परत जोडून घेतली आहे. संध्याकाळच्या बातम्या तो माणूस देतो आणि आई समोर बसून त्याला शेवटपर्यंत बघते. मी दर सोमवारी वाहिनीला फोन लावते. तो फोनवर येत नाही.